कडबाकुट्टी

आमच्या घरात बातमी घडण्याआधी लिहिली जात असे. क्लबचा कार्यक्रम रविवारी सकाळी असला तर त्याचा मजकूर वडील शुक्रवारी संध्याकाळीच तयार करत, कारण चिंचवडच्या साप्ताहिकाची पाने शनिवारी लागत आणि अंक सोमवारी लोकांच्या हातात पडे. कंपनीच्या बसमधून उतरून ते घरी येत, हातपाय धुऊन चहा घेत आणि ओट्याला लागून असलेल्या छोट्या टेबलाशी बसत. पलीकडे आई कुकर लावत असे. कुकरच्या शिट्ट्या, बाहेर प्राधिकरणाच्या चौकात वळणाऱ्या बसची घरघर आणि वडिलांचे पुटपुटणे, ‘मान्यवरांच्या हस्ते... मान्यवरांच्या शुभहस्ते...’, हे सगळे आवाज माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. ‘हस्ते’ की ‘शुभहस्ते’ यावर ते बराच वेळ घालवत. शेवटचे वाक्य मात्र ठरलेले होते: कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. तो उत्साह शुक्रवारीच संपन्न झालेला असे.

पुढे माझे बहुतेक आयुष्य वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. उपसंपादक म्हणून माझ्या टेबलावर असल्या मजकुरांचे गठ्ठे येत, आणि ‘संपन्न झाला’ कापून नुसते ‘झाला’ करणे हे माझे रोजचे काम होते. बरोबरच्या लोकांना वाटे, बाईंना भाषेचा फार आग्रह. तो भाषेचा आग्रह नव्हता. मी शांतपणे लिहिते असे माझ्याविषयी म्हटले जाते, तेही खरे नाही. या प्रकरणात ज्या रविवाराबद्दल लिहायचे आहे त्याचा राग मला तेव्हा आला आणि तो अजून उतरलेला नाही.

समाजसेवा करणारा हा क्लब आमच्या निगडीतलाच होता. आसपासचे कारखानदार, दोन डॉक्टर, एक आर्किटेक्ट, एक सराफ. त्यांत वडील एकटेच पगारदार. भोसरीच्या एका कंपनीत ते स्टोअर्स सांभाळत. त्यांचा आवाज स्वच्छ होता आणि मराठी शुद्ध, म्हणून त्यांना प्रसिद्धीप्रमुख करून घेतले होते. कंपनीत त्यांना साहेब लोक ‘अरे कुलकर्णी’ म्हणत. क्लबात तसलेच साहेब लोक ‘सर’ म्हणत. या एका शब्दावर वडील आठवडा काढत. सभा आमच्या घराजवळच्या हॉलमध्ये भरे आणि उपमा, शिरा, साबुदाण्याचे वडे आमच्या घरून जात. बातमीत याची नोंद ‘महिलांनी अल्पोपहाराची व्यवस्था पाहिली’ अशी होई. आई म्हणायची, “माझं नाव अल्पोपहार. माहेरचं वेगळं होतं.”

क्लबने कामे केली नाहीत, असे मी लिहिणार नाही. रक्तदानाची शिबिरे होत, आणि त्या बाटल्या खऱ्या माणसांना चढत. निघोज्याच्या शाळेत बसवलेली पाण्याची टाकी मी स्वतः पाहिली आहे. आम्ही कॉलेजची मुले स्वयंसेवक म्हणून राबत असू. सतरंज्या झटकायच्या, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर ‘राखीव’ असे कागद चिकटवायचे, फ्लेक्स सुतळीने बांधायचा, रक्त देऊन उठलेल्याला बिस्किटाचा पुडा आणि कॉफी द्यायची. बिल्ले लावण्याचे काम माझ्याकडे होते. सभासदांना निळ्या फितीचा बिल्ला, मान्यवरांना लाल, आणि ज्यांना काही मिळणार असेल त्यांना पिवळा. पिवळ्या बिल्ल्यावर छापलेले असे: लाभार्थी. ती माणसे डाव्या बाजूला एकत्र बसवलेली असत आणि नाव पुकारल्याशिवाय उठत नसत. मला त्या वयात त्यात काही वावगे दिसत नव्हते. सगळीकडे असेच असते, असे वाटे. सगळीकडे असेच असते, हे खरेही आहे. आता मोबाइलवर येणाऱ्या फोटोंत बिल्ले राहिलेले नाहीत, पण कोण देणारा आणि कोण घेणारा हे उभे राहण्यावरून ओळखता येते.

घराच्या मागे आमची एक वेगळी खोली होती. तिथे गौतम भाड्याने राहत असे. उदगीरकडचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, सडपातळ आणि बोलका. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पत्र्याची पेटी, दोरीवर कंपनीचा निळा शर्ट. एवढाच संसार. बायको बाळंतपणासाठी गावी गेली होती. निघोज्याच्या एका प्रेस शॉपमध्ये तो कामाला होता. जाड पत्र्याचे तुकडे प्रेसखाली धरायचे, पायाने पेडल दाबायचे, ठोका पडला की तयार भाग काढून घ्यायचा. सकाळी नळाशी भेटला की आईला हाक मारी, “काकू, काय करायलाव? वास इकडं येतोय, आन् भूक लागायलीय.” आई म्हणे, “वास फुकट आहे, खा पोटभर.” मग त्याच्यासाठी एखादी भाकरी जास्त पडे. त्याच्या गावच्या गोष्टी ऐकायला आई ओट्याचे काम सोडून दारात येऊन उभी राही. त्यात तो स्वतःचीच टर जास्त उडवी.

त्या प्रेस शॉपचे मालक मोकाशीसाहेब. तेच त्या वर्षी क्लबचे अध्यक्ष होते.

गौतमचा उजवा हात मनगटापासून गेला तो पावसाळ्याच्या आधी. प्रेसने डबल मारला, म्हणजे पेडल एकदा दाबले असताना ठोका दोनदा पडला. पहिल्या ठोक्यानंतर तो माल काढायला गेला आणि दुसरा त्याच्या हातावर आला. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा आईने त्याला पहिले काही आठवडे आमच्याच स्वयंपाकघरात जेवायला बसवले. डाव्या हाताने भाकरी मोडत नाही म्हणून ती कुस्करून त्यावर आमटी ओतून ताट पुढे सरकवायची, आणि तो खात असताना दुसरीकडे बघत राहायची. मोकाशी सफरचंदांची पेटी घेऊन एकदा आले. खोलीत बसायला जागा नव्हती म्हणून आमच्या पुढच्या खोलीत बसले, आणि वडिलांनी त्यांच्यासाठी पंखा वाढवला.

गौतमने त्यांना एकच गोष्ट मागितली. अपघात कारखान्यात झाला असे त्यांनी लिहून द्यावे. तसे झाले तर कामगार विम्यातून त्याला आयुष्यभर दरमहा निवृत्तिवेतन मिळणार होते. तसे झाले नाही तर काहीही मिळणार नव्हते, कारण मोकाशींच्या कागदांवर त्याचे नावच चढवलेले नव्हते, आणि अपघात मान्य करायचा तर तेही उघडे पडणार होते. एका हाताचा माणूस, गावी न पाहिलेले मूल. सगळे या एका वाक्यावर अडले होते.

“बघू,” मोकाशी म्हणाले. “आधी तुला हात बसवू. क्लबचं शिबिर घेतोच आहोत आपण.”

कृत्रिम हातांचे शिबिर ठरले. त्या शुक्रवारी वडील टेबलाशी बसले, मोकाशींना फोन करून लाभार्थ्यांचा तपशील विचारून घेतला आणि लिहू लागले. लिहिलेले मोठ्याने वाचून बघायची त्यांची सवय होती. आई कांदा चिरत होती, मी बिल्ल्यांना टाचण्या लावत होते.

“श्री. गौतम, राहणार मूळचे उदगीर तालुका,” वडील वाचत होते, “गावी शेतात काम करताना कडबाकुट्टी यंत्रात...”

आईची सुरी थांबली. “कुठली कडबाकुट्टी?”

“मोकाशींनी सांगितलं तसं लिहिलंय.”

“तो मागच्या खोलीत बसलाय. त्याला विचारा, कुठं गेला हात.”

“मला माहीत आहे कुठं गेला.”

“मग?”

वडिलांनी चष्मा काढून पुसला. “हे बघ, आधी हात तर मिळू दे त्याला. एका शब्दानं काय होतंय? हे काय कोर्ट आहे? चार लोक टाळ्या वाजवणार आणि जाणार.”

“मग ‘प्रेसमध्ये’ असं लिहा. तोही एकच शब्द आहे.”

वडिलांनी चष्मा लावला आणि वाक्य पूर्ण केले. शनिवारी मजकूर साप्ताहिकाकडे गेला. गौतमला कोणी काही सांगितले नाही. आईने आदल्या दिवशी त्याचा शर्ट इस्त्री करून दिला, उजव्या बाहीला टीप घालून ती लहान केली.

रविवारी हॉल भरला होता. वडिलांनी निवेदन नेहमीसारखे सुरेख केले. डाव्या बाजूला पिवळ्या बिल्ल्यांची माणसे बसली होती. प्रत्येकाचे नाव, गाव, आणि हात कसा गेला ते वाचले जाई, मग तो उठे, आई आणि आणखी दोन बायका त्याला ओवाळत, आणि मोकाशी नवा हात त्याच्या कोपरापुढे चढवून देत. गौतमची पाळी आली. वडिलांनी वाचले. शेत, कडबाकुट्टी, मनगट, शुभहस्ते. गौतमने मान वर करून वडिलांकडे पाहिले, मग व्यासपीठावर गेला. मोकाशींनी हात चढवला. फोटोवाला म्हणाला, “साहेब, शेकहँड घ्या. नव्या हातानं.” मोकाशींनी तो प्लॅस्टिकचा पंजा हातात धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

लाभार्थ्यांपैकी एकाने दोन शब्द बोलायचे, अशी पद्धत होती. गौतम नीटनेटका बोलतो म्हणून वडिलांनीच त्याचे नाव सुचवले होते. त्याने डाव्या हातात माईक घेतला.

“क्लबनं हात दिला, आभारी हाय. हात चांगला हाय. घेतो मी, लागतोय मला.” त्याने निवेदकाच्या टेबलाकडे पाहिले. “फकस्त काकांनी आत्ता वाचलं त्यात चूक झालीय. आमच्यात कडबाकुट्टी न्हाई. कुट्टी करायला कडबा लागतोय, कडब्याला रान लागतंय, खायला जनावर लागतंय. आमच्यात यातलं काईच न्हाई. एक शेळी होती, ती बी बहिणीच्या लग्नात गेली.”

लोक हसले. तो विनोद करतो आहे, असेच त्यांना वाटले. मी त्या हसणाऱ्यांचे चेहरे अजून ओळखू शकेन. खेड्यातला माणूस म्हणजे शेत, शेत म्हणजे बैल, बैल म्हणजे कडबा. हे इतके गृहीत होते की खोटे रचतानाही कोणाला विचार करावा लागला नव्हता. ज्याच्या घरी टीचभर जमीन नाही म्हणूनच तो प्रेसखाली हात घालायला इथपर्यंत आला, हे त्या हॉलमध्ये कोणाच्या डोक्यात शिरले नव्हते.

“माझा हात निघोज्याला गेला,” गौतम म्हणाला. “मोकाशीसाहेबांच्या शॉपात. प्रेसनं डबल मारला. साहेबांना म्हाईत हाय.” तो वळला. “साहेब, सांगा की.”

मोकाशींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने माईक हलकेच काढून घेतला. “बस बाळ, बस. भावना अनावर झाल्यात त्याच्या. साहजिक आहे. जोरदार टाळ्या होऊ द्या!”

आणि टाळ्या झाल्या. जोरदार झाल्या.

गौतम व्यासपीठावरून उतरला, पण जागेवर गेला नाही. निवेदकाच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. माईक आता वडिलांच्याच हातात होता. “काका,” तो हळू आवाजात म्हणाला, तरी माईकमधून ते सगळीकडे ऐकू गेले, “तेवढं नीट करून परत वाचा.”

वडिलांनी मोकाशींकडे पाहिले. हातातल्या कागदाकडे पाहिले. मग त्यांनी वाचले, “यानंतरच्या लाभार्थी, श्रीमती...”

आईने ओवाळायचे ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवले. त्या श्रीमतींना ओवाळायला ती उठली नाही. पुढे कोणालाच ओवाळायला उठली नाही.

घरी आल्यावर वडिलांनी शर्टसुद्धा बदलला नाही. आई काही विचारत नव्हती, तेच त्यांना सहन होईना. “मी काय करणार होतो?” ते म्हणाले. “बातमी काल गेली. अंक छापून झालाय. तिथं एक छापलेलं आणि इथं मी दुसरंच वाचायचं? छापलेल्याशी जुळायला नको?”

मी आयुष्यात पुष्कळ समर्थने ऐकली, मंत्र्यांची, संपादकांची, पोलिसांची. पण यासारखे दुसरे ऐकले नाही, कारण वडील खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होते की घडलेल्या गोष्टीने छापलेल्या गोष्टीशी जुळवून घ्यायचे असते.

“मोकाशींनी हात दिला नसता तर कुणी दिला असता त्याला?” त्यांनी विचारले.

“आणि घेतला कुणी होता?” आई म्हणाली.

सोमवारी अंक आला. कडबाकुट्टी होती, उत्साहात संपन्नही होते. दुपारी मी गौतमला घेऊन चिंचवडला साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. वर्तमानपत्राच्या कचेरीत मी पहिल्यांदा पाऊल टाकले ते त्या दिवशी. संपादक दमलेले, भले गृहस्थ होते. त्यांनी सगळे ऐकले, गौतमला पाणी दिले आणि म्हणाले, “खुलासा छापतो. पण कारखान्याचं नाव घालता येणार नाही, ताई. मोकाशींची जाहिरात शेवटच्या पानावर असते.” पुढच्या सोमवारी आतल्या पानाच्या तळाशी छापून आले: ‘गतांकातील कृत्रिम हात वाटपाच्या वृत्तात “कडबाकुट्टी” ऐवजी “अन्य यंत्र” असे वाचावे.’

मी ते गौतमला वाचून दाखवले. तो म्हणाला, “अन्य यंत्र. म्हंजे पिठाची गिरणी बी बसंल त्यात. भजनाची पेटी बी.”

मला हसू आले नाही. तो मात्र हसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने विम्याच्या कचेरीत स्वतःच्या नावाने अर्ज दिला.

चौकशी लागली तेव्हा मोकाशींचा माणूस तो अंक घेऊन हजर झाला. बघा, छापून आले आहे, अपघात गावी झाला. वडिलांचे वाक्य, त्यांच्या शुद्ध मराठीतले, अधिकाऱ्याच्या टेबलावर मोकाशींच्या बाजूने साक्ष देत होते. गौतमने गावच्या तलाठ्याकडून दाखला मागवला होता. जमीन नाही, जनावर नाही. घरी येऊन त्याने तो प्रसंग आईला सांगितला. “इम्याच्या साहेबानं दाखला वाचला, पेपर वाचला, आन् त्या माणसाला इचारलं, मग ही कुट्टी याच्याकडं काय शोभेला ठेवली होती का? आमच्या बापानं जल्मभर रान न्हाई म्हनून तोंड लपवलं, काकू. ते न्हाईपण असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.” त्यानंतर अधिकारी कारखान्यात गेला. तिथे आधी सगळे गप्प राहिले. मग बरोबरच्या दोन पोरांनी तोंड उघडले, आणि ती दोघेही त्याच आठवड्यात कामावरून काढली गेली. हे कुठेही छापून आलेले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

निकाल यायला वेळ लागला. तोवर गौतमने चाकणला एका कंपनीच्या गेटवर नोकरी धरली, आणि गावाहून बायको आणि मुलगी येणार म्हणून तिकडेच खोली बघितली. अखेर मान्य झाले: इजा कामावर असताना झाली, दरमहा निवृत्तिवेतन मिळेल. आईने त्या दिवशी पुरणपोळी केली. वडील जेवायला बसले, त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि छान झाल्या आहेत असे म्हणाले. मोकाशींचे काय झाले असे कोणी विचारील. काही झाले नाही. दंड झाल्याचे कानावर आले, तो त्यांनी भरला असेल, आणि क्लबच्या जिल्हा कार्यकारिणीवर त्यांना अध्यक्षपदाहून मोठे पद मिळाले.

गौतम खोली सोडून निघाला त्या सकाळी टेम्पो दारात उभा होता. पत्र्याची पेटी, गादी, स्टोव्ह चढवून झाले होते. वडील आतून त्या आठवड्याचा अंक घेऊन आले. पहिल्या पानावर होते: ‘क्लबच्या पाठपुराव्याला यश; अपघातग्रस्त कामगारास न्याय’. मजकूर वडिलांचा होता. एका शब्दानेही पाठपुरावा न केलेल्या लोकांची नावे त्यात पदांसह होती. हात कुठे गेला, ते नव्हते. मी तो अंक आदल्या दिवशीच पाहिला होता आणि वडिलांशी बोलणे बंद केले होते.

“गौतम, तुझं नाव ठळक अक्षरात घेतलंय बघ,” वडील म्हणाले आणि अंक पुढे केला. “लेकीला दाखव मोठी झाल्यावर.”

गौतमने अंकाकडे पाहिले, घेतला नाही. त्याने आईला वाकून नमस्कार केला, मला म्हणाला, “येतो ताई.” टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. “चल भावा, चाकणला ट्रॅफिक लागंल.”

“मनात राग धरू नकोस,” वडील म्हणाले. आवाज मऊ होता. त्यांना खरेच वाईट वाटत असावे.

“धरणार, काका,” गौतम म्हणाला. “काकूंनी कुस्करून भाकरी घातली, ते मनात धरलंय. तुमी वाचलं, ते बी धरलंय. दोनी मावतंय.”

तो ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला आणि डाव्या हाताने त्याने दार ओढून घेतले. टेम्पो चौकातून वळला तेव्हाही वडील फाटकात उभे होते, अंक तसाच पुढे धरलेला. घ्यायला समोर कोणी नव्हते.